सोळा केबींची विचारपूस

मी एक जुना प्रोग्राम आहे, मित्रांनो. तुम्ही ज्याला अॅप म्हणता, त्याचा मी थोरला काका समजा. कारंजा (घाडगे) गावापासून अकरा किलोमीटरवर एक आरोग्य उपकेंद्र आहे. तिथल्या लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात, बटणांच्या एका मोबाईलमध्ये माझा मुक्काम आहे. माझं वजन बासष्ट केबी. तुमच्या फोनमधला एक साधा फोटोसुद्धा माझ्याहून कितीतरी जाडजूड असतो.

हसू नका. या बासष्ट केबींचा हिशेब मला कणाकणाने पाठ आहे. त्यातल्या सोळा केबींची आठवण झाली की एवढ्या वर्षांनीही मी हादरतो.

माझा जन्म दोन हजार सात सालचा. हायवेला लागून निकेशचं दुकान होतं. मोबाईल दुरुस्ती, रिचार्ज आणि मागच्या खोलीत तीन कॉम्प्युटरांचा क्लास. निकेश वर्ध्याच्या कॉलेजात प्रोग्राम लिहायला शिकला होता, पण कारंज्यात ते कुणाला सांगून उपयोग नव्हता. लोक म्हणत, "ते असू दे, आधी चार्जर दाखव."

एके दिवशी त्याच्या दुकानात रक्षा सिस्टर आल्या. सिस्टर मूळच्या पुलगावच्या, उपकेंद्रात नव्याने रुजू झालेल्या. त्यांच्याकडे पाच वस्त्या होत्या. त्यांतली मोहझरी जंगलाच्या कडेला, आणि तिथल्या बायांच्या तोंडी फक्त गोंडी.

"निकेशभाऊ, मी पोट म्हणते तर त्या डोकं हलवते. मी डोकं म्हणते तर त्या हासते," सिस्टर म्हणाल्या. "वस्तीतल्या पंचफुलाबाई असल्या की त्या दोन्ही भाषा बोलते, सारं जमते. त्या कापूस वेचाले गेल्या का मी मुकी. वस्तीत तीन बाया पोटुशा आहे. उद्या एखादीले काही झालं आन मले समजलंच नाई, तर?"

निकेशने चुटकी वाजवली. "सिस्टर, पंचफुलाबाईलेच मोबाईलमंदी भरून देतो!"

असा मी गर्भात आलो.

कल्पना सोपी होती. पडद्यावर मराठीत चौदा प्रश्न. डोकं दुखतं का? पायावर सूज आहे का? डोळ्यांपुढे अंधारी येते का? सिस्टरांनी बटण दाबायचं, मी पंचफुलाबाईंच्या आवाजात तोच प्रश्न गोंडीत विचारायचा. समोरच्या बाईने मान हलवायची, किती दिवस झाले ते बोटांवर दाखवायचं. झालं.

आवाज भरायला पंचफुलाबाई नवऱ्याला, मंगरूला, घेऊन आल्या. निकेशने दार लावलं, पंखा बंद केला.

"काऊन रे बापू, पंखा काऊन बंद केला? जीव घेतं का?"

"आवाज येते ना बाई त्याचा."

"आन हे ट्रक भोंगे वाजवून राह्यले, त्याइले बी बंद कर मंग."

निकेशने समोर कागद ठेवला, पण पंचफुलाबाईंना वाचता येत नव्हतं आणि त्याची त्यांना गरजही नव्हती. त्या मांडी घालून बसल्या, पदर सारखा केला आणि यंत्राकडे कुणी पाहुणी बसली आहे अशा नजरेने पाहून गोंडीत बोलू लागल्या. आधी स्वतःचं नाव. मग माहेर कुठलं, सासर कुठलं. मग, तू जेवलीस का? मग, टेक जराशी, मी दोन गोष्टी विचारणार आहे, राग मानू नको. असं सगळं झाल्यावर कुठे पहिला प्रश्न. आणि पुढच्या प्रत्येक प्रश्नाआधी एक मायेची हाक आणि हाकेनंतर थोडं थांबणं, समोरचीला 'ओ' द्यायला जागा ठेवावी तसं.

मंगरू दाराशी बसून ऐकत होता. तो मराठीत म्हणाला, "पस्तीस वर्सं झाले, मले कवा पुसलं नाई जेवले का मनून. या डब्याले पुसून राह्यली!"

"डबा उलटून बोलत नाई ना," पंचफुलाबाई म्हणाल्या.

आता वजनाचं ऐका. सगळं बांधून झाल्यावर मी भरलो सहाशे नव्वद केबी! मला वाटलं, वा, काय भरदार देह! निकेशने मला तारेने मोबाईलमध्ये ढकललं आणि मोबाईलने मला दारातूनच परत पाठवलं. तो जुना हँडसेट चौसष्ट केबीच्या वरचा कुठलाही प्रोग्राम आत घेतच नव्हता. जन्मून तास झाला नव्हता, आणि मी दहापट जाडा ठरलो होतो. तो माझा पहिला धक्का.

दुसरा हँडसेट मागायची सोय नव्हती. हा पुंडलिकरावांनी दिलेला होता. पुंडलिकराव म्हणजे हायवेवरच्या ढाब्याचे मालक आणि तिथल्या मित्रमंडळाचे अध्यक्ष. त्यांनी आपला वापरलेला मोबाईल दान केला आणि सोबत एक अट घातली. "सुरू केला की आपला फोटो दिसला पायजे. हार घातलेला. आन मागून सनई."

मग निकेशने माझी कापाकापी काढली. मित्रांनो, आपल्या अंगात फुकटचं किती भरलेलं असतं ते कुणी समोर बसवून दाखवलं की फार लाज वाटते. पाचशे चव्वेचाळीस केबी नुसता आवाज होता. निकेशने तो कसून दाबला, तर बेचाळीसवर आला! आवाज थोडा डब्यातून आल्यासारखा झाला, पण शब्द स्पष्ट होते. तीस केबींची सनई त्याने एका फटक्यात उडवली. पडद्यावरचे मराठी शब्द त्याने चित्रं म्हणून ठेवले होते, कारण हँडसेटला देवनागरी येत नव्हती. दर वेळी अख्खा शब्द रंगवण्याऐवजी त्याने एकेक अक्षर एकदाच काढलं आणि तेच जोडून वापरलं. सव्वीसचे सहा झाले. माझ्या आतल्या सूचनांना त्याने कॉलेजात शिकवल्याप्रमाणे लांबलचक नावं दिली होती. ती त्याने क, ख, ग अशी एकाक्षरी करून टाकली, न लागणाऱ्या ओळी पुसल्या, आणि माझा सांगाडा अठ्ठावीसवरून बारावर आणला. पुंडलिकरावांचा फोटो बावन्न केबींचा होता, त्यातला एकटा हारच वीस केबींचा असावा. तो आक्रसून नऊवर आला. पुंडलिकराव अजून ओळखू येत होते, हार मात्र मफलर वाटत होता.

आणखी एक गाठोडं होतं, दहा केबींचं. त्याबद्दल निकेश काही बोलला नाही, म्हणून मीही तूर्त बोलत नाही.

काटा एकोणऐंशीवर अडला. अजून पंधरा तरी जायला हवे होते. निकेशने पडद्यावर पंचफुलाबाईंच्या आवाजाची रेघ उघडली. जिथे त्या बोलल्या तिथे डोंगर, जिथे थांबल्या तिथे सपाटी.

"हे पाहा सिस्टर, सपाट. याच्यात काईच नाई. आन ही सुरुवातीची लांबण पाहा. नाव, गाव, माहेर, जेवण. आपल्याले सवाल पायजे का गप्पा?"

सिस्टरांना पाच वस्त्या फिरायच्या असत. त्याही घाईत म्हणाल्या, "काढा. तेवढाच वेळ वाचते."

कचकच, कचकच. ओळख गेली, जेवण गेलं, चौदा हाका गेल्या, चौदा थांबणी गेली. सोळा केबी. मी भरलो त्रेसष्ट आणि मोबाईलने मला आत घेतलं. निकेशने टाळी वाजवली. मीही खूश होतो, खोटं कशाला बोलू? सहाशे नव्वदचा त्रेसष्ट झालो होतो आणि काहीच कमी पडलंय असं वाटत नव्हतं.

उद्घाटन ढाब्यावर झालं. पुंडलिकरावांनी टेबलावर मोबाईल ठेवून शेजारीच नारळ फोडला, पाणी उडालं, निकेशने झडप घालून मला वाचवलं. फोटो झळकला. टाळ्या पडल्या. "चौदा सवाल, चौदा सेकंदांत!" असं कुणीतरी म्हणालंसुद्धा.

मग मी मोहझरीत गेलो. पंचफुलाबाई तेव्हा वस्तीत नव्हत्या, टोळीबरोबर दूर कामाला गेल्या होत्या. तिथे मला जे दिसलं त्याने माझी बोलती बंद व्हायची वेळ आली. सिस्टर बटण दाबत, मी विचारत असे, आणि बाया अंग चोरून घेत. एक जण उठून घरात गेली. एकीने मुलाला जवळ ओढलं. बाकीच्या जणी प्रत्येक प्रश्नाला 'नाही' अशी मान हलवत, प्रश्न संपायच्या आतच. सिस्टरांना वाटलं, यंत्राला बुजतात, होईल सवय.

त्यांच्यातच सुकवंती होती. अमर नावाच्या तरुणाची बायको, मध्य प्रदेशाकडच्या डोंगरातून लग्न होऊन आलेली, आठवा महिना लागलेला. गोंडीशिवाय तिला एक शब्द येत नव्हता आणि अमर ट्रकवर गेलेला. सिस्टरांनी मला तिच्यासमोर धरलं. डोकं दुखतं का? नाही. पायावर सूज? तिने पाय लुगड्यात ओढून घेतले. नाही. अंधारी? नाही. सिस्टरांनी रक्तदाब मोजायचा पट्टा काढला, तर तिने हात पदराखाली लपवला. दोनदा समजावून झालं. शेवटी सिस्टरांनी वहीत लिहिलं, 'तक्रार नाही'.

आठ दिवसांनी आम्ही परत गेलो. आदल्या दिवशीच पंचफुलाबाई कामावरून परतल्या होत्या. सुकवंतीच्या अंगणात त्या तूर पाखडत बसल्या होत्या. मी सुरू झालो. दुसऱ्याच प्रश्नाला त्यांचं सूप थांबलं.

"हे कोन बोलून राह्यली?"

सिस्टर हसल्या. "तुम्हीच की, पंचफुलाबाई!"

"मी?" त्या उठून जवळ आल्या. "मी अशी बोलते का कोनाशी? लाव वापस."

सिस्टरांनी पुन्हा लावलं. पंचफुलाबाईंच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी आजवर विसरलो नाही. आपलाच हात कुणीतरी कापून आपल्याला दाखवावा तसा तो चेहरा होता.

"नाव नाई, गाव नाई, 'बस' नाई, का 'जेवली का' नाई! दाराशी उभी राहून नुसती इचारून राह्यली, दुखते का, रक्त गेलं का, किती दिवस झाले! चोरीची चौकशी होय का ही? आमच्याकडे असं कोन इचारते, मालूम हाय तुमाले? ज्याले आपलं काई घ्यायचं असते, तो!" त्यांचा आवाज कापू लागला. "आन पोरी समजत असतीन, पंचफुलाच विकली गेली मनून!"

सिस्टरांनी बटणावरचं बोट मागे घेतलं. माझ्याकडे तर चौदा प्रश्नांपलीकडे शब्दच नव्हते.

पंचफुलाबाईंनी मला खाटेवर पालथं टाकलं आणि सुकवंतीसमोर बसल्या. आपलं नाव सांगितलं, जे तिला माहीत होतं. माहेर सांगितलं, तेही तिला माहीत होतं. मग विचारलं, तू जेवलीस का? आणि थांबल्या.

तेच ते थांबणं. जिथे निकेशला सपाट रेघ दिसली होती, नेमक्या त्याच जागी सुकवंती रडायला लागली. दोन दिवस तिच्या पोटात अन्न नव्हतं. आठ-नऊ दिवस डोकं फुटत होतं. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. तिने लुगडं वर सरकवलं, पाय नव्हते ते, सुजून खांब झाले होते. पंचफुलाबाई एकेक गोष्ट मराठीत सांगत गेल्या आणि सिस्टर पांढऱ्या पडत गेल्या. आता सुकवंतीने हात पुढे केला. सिस्टरांनी पट्टा बांधला, हवा सोडू लागल्या, तर पाऱ्याची खूण इतक्या वर लागली की त्यांनी दोनदा डोळे पुसून पाहिलं.

"आठ दिवस," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "मी लिहिलं, तक्रार नाही."

मोहझरीत गाडी नव्हती. सिस्टरांनी टेकाडावर चढून पुंडलिकरावांना फोन लावला. माझ्याच हँडसेटवरून. पुंडलिकराव गल्ल्यावरून उठले, ढाबा तसाच सोडून स्वतः जीप घेऊन आले आणि सुकवंतीला, पंचफुलाबाईंना वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. रस्ता सत्तर किलोमीटरांच्या वर. डॉक्टरांनी सांगितलं, आई वाचेल की लेकरू, आत्ता बोलता येत नाही.

तिसऱ्या दिवशी सिस्टर निकेशच्या दुकानात आल्या. त्यांनी मला काउंटरवर ठेवलं आणि झालेलं सगळं सांगितलं. निकेशच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर तसाच राहिला.

"पहिल्यासारखं करून द्या," सिस्टर म्हणाल्या. "ओळख, जेवण, हाका, सारं."

"सिस्टर, सोळा केबी आणू कुठून? पुंडलिकरावांचा फोटो नवाचा. तो सारा काढला तरी पुरत नाई."

"दुसरं काय आहे त्याच्यात?"

निकेश स्क्रू ड्रायव्हर पुसू लागला.

"निकेशभाऊ, मी इचारून राह्यली. दुसरं काय आहे?"

मित्रांनो, त्या वेळी मला बोलता आलं असतं तरी मी बोललो नसतो. काही हिशेब ज्याचे त्यानेच वाचून दाखवायचे असतात.

"बंद करताना चमकते ना एक," निकेश खाली बघत म्हणाला. "मोबाईलचं चित्र, चांदण्या..."

"ते? ते तर फोनच्या कंपनीचं आहे ना?"

"नाई. ते माह्या दुकानाचं आहे. नाव, पत्ता, नंबर." त्याने मोबाईल पालथा ठेवला. "दहा केबी."

हेच ते गाठोडं. ज्याने सनई उडवली, शब्दांची अक्षरं केली, अध्यक्षांच्या हाराचा मफलर केला आणि पंचफुलाबाईंच्या तोंडून 'जेवलीस का' काढून घेतलं, त्याने स्वतःच्या पाटीच्या चांदण्यांपैकी एकही चांदणी कमी केली नव्हती. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरी त्याच्या तोंडून तो आकडा ऐकला आणि मी सुन्न झालो. सिस्टरांनी मला नुसतं त्याच्यापुढे सरकवलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, निकेशला सोपं गेलं असतं.

त्याने कॉम्प्युटर सुरू केला. पाटी पुसली. मग पुंडलिकरावांचा फोटो घेतला आणि नवाचा दोन केबी केला. पंचफुलाबाईंचं मूळ बोलणं त्याने जपून ठेवलेलं होतं, तेवढी एक बरी बुद्धी. ओळख परत आली. जेवण परत आलं. चौदा हाका, चौदा थांबणी. त्याने मला काट्यावर ठेवलं.

बासष्ट.

निकेशने तो आकडा पुन्हा पुन्हा पाहिला. सगळी माणुसकी काढून मी त्रेसष्ट होतो, सगळी परत घालून एक केबीने हलका झालो होतो.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे पुंडलिकराव, दवाखान्याच्या पायऱ्यांवरून ओरडत होते, "पोरगी झाली! छोटी आहे, काचेत ठेवली. दोघीही ठीक आहे! पंचफुलाबाई मले पुसून राह्यली, जेवले का मनून!" सिस्टर काउंटरवर डोकं टेकून हुंदके देऊ लागल्या. निकेश दुकानाबाहेर जाऊन हायवेवरच्या ट्रकांकडे बघत उभा राहिला.

नंतर पुंडलिकरावांनी माझ्यातला आपला दोन केबींचा फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला. "हा मी आहो का आलूबोंडा?"

"तुमीच आहा काका," निकेश म्हणाला.

"बरं. राहू दे."

पुढे अडीच वर्षं मी मान खाली न घालता काम केलं. मी नाव सांगायचो, जेवण विचारायचो, थांबायचो, आणि बाया मोबाईलला उत्तरं द्यायच्या, 'हो, जेवले, तू?' असं गोंडीत उलट विचारायच्या. मला त्याचं उत्तर देता येत नसे. सिस्टर मात्र ऐकता ऐकता गोंडी शिकल्या. इतक्या, की हळूहळू त्यांना माझी गरज उरली नाही. मग मोठ्या पडद्याचे फोन आले, माझ्या हँडसेटची बॅटरी फुगली, आणि मी या खणात आलो. वाईट वाटतं, पण ते वाईट वाटणंही बेताचंच आहे. ज्याचं काम शिकवून संपतं, त्याने फार कुरकुर करू नये.

दोन हजार नऊच्या दिवाळीनंतर पंचफुलाबाई वारल्या. त्या महिन्यात सुकवंती उपकेंद्रात आली. सोबत अडीच वर्षांची मुलगी, तिचं नाव स्वीटी. हे नाव ऐकूनही मी दचकलो होतो, ते सोडा. सुकवंतीने सिस्टरांना गोंडीत काहीतरी सांगितलं. सिस्टरांनी खण उघडला, दुसऱ्या फोनची बॅटरी माझ्यात बसवली आणि बटण दाबलं.

मी मोहझरीची पंचफुला. मंगरूच्या घरची. तू जेवलीस का?

मी थांबलो. स्वीटीने इकडेतिकडे पाहिलं, आवाजाची बाई शोधली. ती कुठे दिसेना. मग तिने हातातलं अर्धं बिस्कीट माझ्या आवाजाच्या जाळीवर ठेवलं आणि हळूच दाबलं. त्याचा चुरा आजही तिथे अडकलेला आहे. सिस्टरांनी तो पुसला नाही.

मित्रांनो, जागा कमी पडली की काही ना काही कापावं लागतं, त्याला इलाज नाही. पण कात्री हातात घेतलीत की आधी आपलं स्वतःचं गाठोडं सोडून बघा. आणि दुसऱ्याच्या बोलण्यात जिथे तुम्हाला सपाट रेघ दिसते, ती पुसण्याआधी त्याला एकदा विचारा की इथे काय आहे.

कधी या उपकेंद्रात आलात, तर खालचा खण उघडा. धड बॅटरी मिळाली तर लावा. मी तुम्हाला चौदा प्रश्न विचारीन. पण ते नंतर. आधी सांगा, जेवलात का?